मुलींची चुरस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला आपण दरसाल काहीतरी उपयोगाचे ऐकतो. कधी आहारशास्त्र, कधी संतवाङ्मय, कधी मुलांचे संगोपन. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, “अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा एक सामना.” त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बरं, पण बायकांना आवडेल असं सांगा हो.” मी तसा प्रयत्न करणार आहे. विषय दूरचा वाटेल, पण त्यातला प्रश्न आपल्या घरातला आहे. तो प्रश्न असा की, मुलीने “मला जिंकायचे आहे” असे मोकळेपणाने म्हणावे की म्हणू नये?

प्रथम सामन्याची हकीकत थोडक्यात सांगते. दिनांक २ एप्रिल २०००, रविवार. फिलाडेल्फिया शहरातले मोठे क्रीडागार. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मुलींचा राष्ट्रीय अंतिम सामना, आणि समोरासमोर दोन विद्यापीठे. एक कनेक्टिकट, दुसरे टेनेसी. दोघींचे हाडवैर सगळ्या देशाला ठाऊक होते. प्रेक्षक वीस हजारांहून अधिक. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : कनेक्टिकट ७१, टेनेसी ५२. म्हणजे १९ गुणांचा फरक.  अंतिम सामन्यात एकोणीस म्हणजे शंकेला जागाच उरली नाही.

आता कुणी म्हणेल, एका कॉलेजने दुसऱ्याला हरवले, त्यात भाषण करण्यासारखे काय आहे? सांगण्यासारखे आहे ते त्या वैरात आहे. मुलींना असे उघड वैर धरायला, सरळ चुरस करायला मिळावी, यासाठी त्या देशाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

बास्केटबॉल हा खेळ डॉक्टर जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी १८९१ सालच्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्ड गावी बसवला. थंडीच्या दिवसांत घरात खेळता येईल असा काहीतरी खेळ त्यांना हवा होता. पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या त्यांनी भिंतींवर उंच ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्या टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे! पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, जवळच्या नॉर्दॅम्प्टन गावातल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने तो खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. म्हणजे या खेळात मुली मागाहून आल्या, असे नाही. खेळ पाळण्यात होता तेव्हाच त्या आल्या.

पण बेरेन्सनबाईंना काळजी होती. मुली दमतील, घसटाघसट होईल, आणि मुख्य म्हणजे लोक काय म्हणतील? म्हणून त्यांनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या मुलीला जो भाग दिला तो तिने सोडायचा नाही असे ठरवले. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. २२ मार्च १८९३ रोजी त्या कॉलेजातल्याच दोन वर्गांत सामना झाला आणि वरच्या वर्गाने तो ५ विरुद्ध ४ असा जिंकला. पाहायला पुरुषांना मज्जाव होता. तीन वर्षांनी, १८९६ च्या एप्रिलात, सान फ्रान्सिस्को शहरात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली परस्परांशी खेळल्या. तेथेही प्रेक्षक फक्त स्त्रिया. स्टॅनफर्डने २ विरुद्ध १ असा विजय मिळवला. पूर्ण सामन्यात मिळून तीन गुण! हसू येते खरे. पण त्या मुली लांबलचक पोशाखात, चार डोळ्यांची धास्ती बाळगून खेळत होत्या, हे विसरू नये.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. खेळ पसरला, पण चुरस मात्र लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली. १९२३ साली मुलींच्या खेळांसाठी तेथे एक राष्ट्रीय विभाग स्थापन झाला. पुढे ज्यांचे पती अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्या लू हूवर त्याच्या प्रमुख होत्या. या मंडळींचा हेतू वाईट नव्हता. चार निवडक मुलींनी बक्षिसे मिळवावी आणि बाकीच्यांनी बाकावर बसून पाहावे, याऐवजी प्रत्येक मुलीने खेळावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते कोणालाही पटेल. पण त्यातून ‘खेळाचे दिवस’ निघाले. तीन-चार कॉलेजांच्या मुली एका ठिकाणी जमत आणि सर्वांची सरमिसळ करून नवे संघ पाडले जात. एका कॉलेजने दुसऱ्याला हरवले असे होऊच नये, म्हणून ही योजना! शेवटी सरबत आणि बिस्किटे. मुलींना खेळ दिला, पण चुरस काढून घेतली.

भगिनींनो, हे ऐकून आपल्याला काही आठवते का? आपल्या मंडळात रांगोळीची स्पर्धा होते. निकाल लागताना पहिला क्रमांक जाहीर झाला की परीक्षकबाई लगेच सांगतात, “तशा सगळ्याच छान होत्या.” मग सगळ्यांना उत्तेजनार्थ काहीतरी. कुणाचे मन दुखू नये, हा भाव चांगला आहे. पण चुरस काही त्यामुळे जात नाही. ती दडते आणि दडली की आंबते. कुणाची सून कशी, कुणाच्या मुलाला किती मार्क, कुणाच्या हळदीकुंकवाला काय लुटले, ह्यात ती निघते. उघड्यावर जिची चुरस झाली असती तिचा आडोशाला हेवा होतो. मंगळागौरीच्या रात्री मात्र पाहा! फुगडी घालताना कोण आधी सोडते, यासाठी ओठ आवळून, घामाघूम होऊन, साठीच्या बायकासुद्धा हटत नाहीत आणि हात सुटले की एकमेकींच्या गळ्यात पडतात. ती खरी चुरस. तिच्यात हेवा नसतो.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. टेनेसी राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी १९५२ साली पॅट नावाची मुलगी जन्मली. घरी गाईगुरे, तंबाखूची शेती. दिवसभराचे काम आटोपले की गवताच्या माळ्यावर भावांबरोबर ती बास्केटबॉल खेळे. पुढे ती हायस्कुलात जायची झाली, तर त्या गावच्या शाळेत मुलींचा संघच नाही. तेव्हा वडिलांनी काय करावे? मुलीला खेळता यावे म्हणून बिऱ्हाड हलवले आणि शेजारच्या जिल्ह्यात, जेथील शाळेत मुलींचा संघ होता तेथे, राहायला गेले. मुलाच्या कॉलेजसाठी शहरात खोली घेणारे बाप आपण पाहिले आहेत. मुलीच्या चेंडूसाठी घर बदलणारा बाप मला तरी दुसरा ठाऊक नाही.

१९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठात मुलींच्या संघाच्या प्रशिक्षिका झाल्या. पगार महिना अडीचशे डॉलर. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. खेळाचे कपडे त्याच धूत आणि दुसऱ्या गावी सामना असला की गाडीही त्याच हाकत. पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या. लग्नानंतर त्या पॅट समिट या नावाने जगाला माहीत झाल्या.

त्यांच्या येण्याआधी दोन वर्षे एक कायदा झाला होता. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, एवढाच त्याचा आशय. त्या कलमाच्या मजकुरात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. हवाई बेटांतून निवडून आलेल्या पॅट्सी मिंक या बाईंनी त्यासाठी मोठी खटपट केली होती. पुढे २००२ मध्ये त्यांचे नाव त्या कायद्याला देण्यात आले. या एका कलमामुळे कॉलेजांना मुलींच्या संघांना हळूहळू मैदान, गाडीभाडे, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. सगळे एका दिवसात झाले नाही. पण दार उघडले. नियमही बदलले होते. आधी सहा मुलींपैकी तिघी चढाईच्या आणि तिघी बचावाच्या. मैदानाच्या मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. १९७१ पासून कॉलेजच्या मुली मुलांसारख्या पाच-पाच जणी, पूर्ण मैदानभर धावू लागल्या. ती रेघ पुसली गेली, हे मला कायद्याइतकेच मोठे वाटते.

पॅटबाईंचा टेनेसीचा संघ १९८७ मध्ये प्रथम राष्ट्रविजेता झाला आणि मग जिंकतच गेला. इकडे कनेक्टिकटला १९८५ साली जीनो ऑरिएमा नावाचे प्रशिक्षक आले. इटलीतल्या एका खेड्यात जन्मलेले आणि सातव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले हे गृहस्थ. तोवर त्या विद्यापीठाच्या मुलींचा संघ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. दहा वर्षे त्यांनी मेहनत केली. दोन्ही संघांची पहिली गाठ १६ जानेवारी १९९५ रोजी पडली. कनेक्टिकटने ७७ विरुद्ध ६६ असा सामना जिंकला. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात पुन्हा दोघीच समोर आल्या आणि पुन्हा कनेक्टिकटच जिंकली. सबंध वर्षात ३५ सामने, पराभव एकही नाही.

पण टेनेसी थोडीच गप्प बसते! १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय करंडक त्यांनी नेला आणि त्यांतल्या पहिल्या दोन वर्षी वाटेत कनेक्टिकटलाच धूळ चारली. म्हणजे २००० साल उजाडले तेव्हा टेनेसीच्या खात्यावर सहा विजेतेपदे आणि कनेक्टिकटच्या खात्यावर एक.

त्या मोसमात ही गाठ अंतिम सामन्याआधी दोनदा पडली होती. जानेवारीत कनेक्टिकटने टेनेसीच्या घरी जाऊन विजय मिळवला. २ फेब्रुवारीला टेनेसीच्या मुली परतफेडीला आल्या आणि अगदी शेवटच्या सेकंदांत समीका रँडल या मुलीने टाकलेल्या चेंडूवर ७२-७१ असा एका गुणाने जिंकून गेल्या. आपल्या अंगणात, आपल्या माणसांसमोर, एका गुणाने हार! कनेक्टिकटच्या त्या वर्षातला हा एकुलता एक पराभव. एरवी सर्वांना लोळवणाऱ्या संघाला तो भेटला नसता तर? मला वाटते, फिलाडेल्फियाच्या एकोणीस गुणांचे बी त्या एका गुणात होते.

अंतिम सामना कसा झाला ते आता सांगते. टेनेसीच्या बचावाची एक ख्याती होती. त्या प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ देत नसत. प्रत्येक मुलीला चिकटून उभे राहायचे, हात मध्ये घालायचा आणि चेंडू वाटेतच उचलायचा. कनेक्टिकटने याच जोरावर डाव उलटवला. त्यांची मुलगी चेंडू घेण्यासाठी दोन पावले पुढे आल्यासारखे करी. टेनेसीची मुलगी तिच्यासमोर हात पसरून धावे. तेवढ्यात पहिली गर्रकन वळून तिच्या पाठीमागून टोपलीकडे पळे आणि चेंडू बरोबर तेथे तिच्या हाती पडे. या चालीला इंग्रजीत ‘बॅकडोअर’ म्हणतात. आपण तिला परसदाराची चाल म्हणू. पाहुणे पुढच्या दारी कडी घट्ट धरून उभे, आणि घरची सून परसदाराने जाऊन पाणी भरूनही आली! टेनेसी जितकी चिकटून खेळे तितके परसदार सताड उघडे पडे.

कुणी परसदार सोडून टोपलीपर्यंत पोचलीच, तर कनेक्टिकटच्या टोपलीखाली केली शूमाकर ही उंच मुलगी उभी होती. तिने त्या दिवशी प्रतिपक्षाचे नऊ फटके हवेतच अडवले. अंतिम सामन्यातला तो विक्रम ठरला. मध्यंतराला गुण होते ३२-१९. सहा वेळा राष्ट्र जिंकलेल्या टेनेसीला वीस मिनिटांत वीस गुणही करता आले नाहीत. स्यू बर्ड, स्वेतलाना अब्रोसिमोवा अशा एकीहून एक खेळाडू कनेक्टिकटकडे होत्या आणि बाकावरून उठून येणारी मुलगीही उतरलेल्या मुलीच्या तोडीची असे. न्यायाने हेही सांगायला हवे की टेनेसीची क्रिस्टन क्लेमंट त्याच सकाळी सरावात पाय मुरगळल्यामुळे खेळू शकली नाही. पण एका मुलीच्या नसण्याने एकोणीस गुण जात नाहीत. त्या दिवशी कनेक्टिकट सरस होती, आणि सामना पाहणाऱ्या कोणालाही ते उघड दिसत होते.

सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला शे राल्फ हिला. तिने त्या सामन्यात पंधरा गुण केले. ह्या मुलीचा गुडघा पूर्वी दोनदा निकामी झाला होता. आतला स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, बरी होते न होते तो पुन्हा तुटला, आणि एक अख्खे वर्ष तिला मैदानाबाहेर काढावे लागले. तिची आई मार्शा हीसुद्धा १९७० नंतरच्या काळात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची नामांकित खेळाडू होती. त्या कायद्याच्या उंबरठ्यावरची पिढी आईची, आणि वीस हजारांच्या टाळ्यांची पिढी मुलीची. एकाच घरात दोन काळ. पुढे शे राल्फ स्वतः प्रशिक्षिका झाली.

टेनेसीच्या त्या संघात तमीका कॅचिंग्ज होती. तिला जन्मापासून ऐकू कमी येई. शाळेत मुले चिडवीत. ती त्या रात्री हरलेल्या बाजूला होती, पण पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत तिने आपल्या देशासाठी सुवर्णपदके मिळवली. हरणे म्हणजे संपणे नव्हे, याला याहून चांगला दाखला कोणता?

त्यानंतर ही चुरस पुष्कळ वर्षे चालली. २००२, २००३ आणि २००४ अशी तिन्ही वर्षे कनेक्टिकटने टेनेसीला स्पर्धेत हरवले आणि करंडक नेला. २००७ आणि २००८ मध्ये तो पुन्हा टेनेसीकडे गेला. मध्यंतरी दोन्ही प्रशिक्षकांत वितुष्ट आले आणि २००७ नंतर दोन विद्यापीठांचे ठरलेले वार्षिक सामनेच बंद पडले. ते २०२० पर्यंत झाले नाहीत. त्या बंद वर्षांत एकूण खेळाचेच नुकसान झाले असे मला वाटते. पण त्यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. २०११ साली पॅटबाईंना स्मृतिभ्रंशाचा आजार जडल्याचे जाहीर झाले. त्या आजाराशी झगडण्यासाठी त्यांच्या नावाने निधी उभा राहिला, तेव्हा त्याला दहा हजार डॉलर देणाऱ्यांत ऑरिएमा होते. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी झुंज घेतली त्यांचे मोल त्यांच्याइतके कोणाला कळणार? पॅटबाई २०१६ च्या जूनमध्ये वारल्या. त्यांच्या संघांचे १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदे तर सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्याकडे खेळाची पूर्ण मुदत पुरी केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली, हा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो.

आता मला काय म्हणायचे आहे ते सांगून संपवते.

तो एकोणीस गुणांचा विजय कनेक्टिकटच्या मुलींचा खराच. पण त्यातला अर्धा वाटा टेनेसीचा आहे. टेनेसीने पंचवीस वर्षे मुलींचा खेळ कुठवर नेता येतो ते दाखवले नसते, आणि फेब्रुवारीत एका गुणाने हरवून डिवचले नसते, तर कनेक्टिकटची ती धार चढली नसती. सहाणेवाचून चंदन उगाळता येत नाही. चांगला प्रतिस्पर्धी मिळणे ही मिळकत आहे, आणि आपण आपल्या मुलींना नेमकी तीच देत नाही. मुलगा खेळात हरून रडत आला तर “उद्या बघून घे त्याला” म्हणतो. मुलगी रडत आली तर “जाऊ दे, खेळच तो, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस” म्हणतो. बोलतो मायेने; पण त्याचा अर्थ तिच्या कानी असा जातो की, तुझ्या जिंकण्याहरण्याला काही किंमत नाही.

आपल्या भागातल्या शाळांत मुलींचे खो-खो, कबड्डी, लंगडी, क्वचित बास्केटबॉलचेही सामने दरसाल होतात. मैदानाच्या कडेला पाहायला कोण असते? दुसऱ्या वर्गातल्या मुली, एखाद्या बाई आणि कुंपणाबाहेर उभी असलेली चार टवाळ पोरे. आई नसते. १८९३ साली अमेरिकेत मुलींचा खेळ पुरुषांनी पाहू नये असा दंडक होता. आपल्याकडे कोणी दंडक घातलेला नाही, आणि तरी बायका जात नाहीत. स्वयंपाक असतो, पाहुणे असतात, हे मी जाणते. पण भिशीला आणि भजनाला आपण वेळ काढतोच ना? मंडळाने येत्या वर्षात एवढाच ठराव करावा की, आपल्या भागातल्या शाळांच्या मुलींच्या सामन्यांना पाच-दहा जणींनी मिळून जायचे. बक्षिसे, हारतुरे काही नकोत. बाकावर बसावे, आपल्या बाजूच्या मुलींना मोठ्याने उत्तेजन द्यावे आणि दुसऱ्या बाजूची चांगली खेळली तर तिलाही टाळी द्यावी. मुलगी हरली तर घरी तिला “छान खेळलीस” म्हणून गप्प करू नये. “कशाने हरलीस? पुढच्या वेळी काय करशील?” असे विचारावे. बघा, तिचे डोळे कसे चमकतात ते.

माझे बोलणे लांबले. चिटणीसबाई मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत.